हैबतरावांची लेक

कोळवणच्या हैबतरावांकडे पाहुणा आला की चहाच्या आधी लेकीची पदकं पुढं यायची. रेश्मा ट्रायथलॉनमध्ये राज्यात पहिली आली होती. आधी पोहायचं, लगेच सायकल, लगेच पळायचं, मधे दम खायलाही थांबायचं नाही, हे ते प्रत्येकाला रंगवून सांगत. चौकातल्या फ्लेक्सवर तिच्याशेजारी तेवढाच मोठा त्यांचा फोटो असे.

मग मारुंजीच्या रस्त्यावर उलट्या बाजूनं आलेल्या टेम्पोनं तिला उडवलं. मांडीचं हाड मोडलं, आत सळई घालावी लागली. हैबतराव दवाखान्यात गेले आणि त्यांनी डॉक्टरांना एकच विचारलं, "परत पळंल का ती?"

"आधी चालू तर द्या," डॉक्टर म्हणाले.

त्यानंतर हैबतराव तिकडं फिरकले नाहीत.

रेश्मा कुबड्या घेऊन घरी आली, तेव्हा पदकं ट्रंकेत गेली होती. चौकातल्या फ्लेक्सवर आता पुतण्या शंभू बैलगाडा शर्यतीच्या बैलांसोबत झळकत होता. एका पाहुण्यानं लेकीची चौकशी केली. रेश्मा आतल्या खोलीत आहे हे ठाऊक असूनही हैबतराव मोठ्यानं म्हणाले, "शर्यतीचा बैल लंगडला की दावणीला नुसता चारा खातो. तसं चाललंय."

ही गोष्ट त्यांच्या थोरल्या बहिणीच्या, लीलाबाईंच्या कानावर गेली. त्या मारुंजीला राहत, खोल्या भाड्यानं देत. पहिली गाडी धरून त्या आल्या.

"हैबती, पोरगी हाय ती, बैल न्हाई."

"आक्का, चार लोकांत मी काय तोंड दाखवू?"

"मोडला तिचा पाय. तुझ्या तोंडाला काय झालं? जिंकली तवा तुझी होती ना? मग पडल्यावर कुणाची?"

"एवढा पुळका हाय तर घेऊन जा."

रेश्मा दारात उभी होती. बाप एकदा तरी 'राहू दे' म्हणेल म्हणून ती थांबली. हैबतराव गड्याला चाऱ्याचं सांगत गोठ्याकडं निघून गेले.

आत्याकडं राहून ती पुन्हा चालायला शिकली. जिना चढताना रडायची, आत्या खालच्या पायरीवर उभी राहायची. पाण्यात पायावर भार येत नाही, म्हणून ती आधी पोहायला लागली. पुढं सायकल आली, पळणं सगळ्यात शेवटी. पहिल्या स्पर्धेत ती इतकी मागं पडली की ती पोचली तेव्हा मंडपवाले खुर्च्या गोळा करत होते. बातमी कोळवणला पोचली. चहाच्या टपरीवर कुणीतरी हैबतरावांना डिवचलं. "ती आता आमच्यात ऱ्हात न्हाई," असं म्हणून त्यांनी कप खाली ठेवला.

पुढच्या वर्षी राज्य स्पर्धेत ती पुन्हा पहिली आली.

निकाल कळताच हैबतराव जीप भरून माणसं घेऊन बक्षीस समारंभाला पोचले. त्यांनी तिच्या गळ्यात हार घातला, फोटो काढवले.

"चल पोरी घरी. गावात मिरवणूक ठेवलीय."

"आबा, मागच्या वर्षी मी शेवटची आले. तितं फक्त आत्या होती," ती शांतपणे म्हणाली. "त्या दिवशी तुमी न्यायला आला असता, तर आले असते."

लोक ऐकत होते. हैबतरावांची मान खाली गेली. "माझं चुकलं," ते पुटपुटले.

"व्हय, चुकलं," ती म्हणाली. हार काढून तिनं त्यांच्या हातात दिला आणि आत्याच्या खांद्यावर हात टाकून निघून गेली.

आता ते दर रविवारी मारुंजीला जातात. लीलाबाई चहा देतात. रेश्मा पाया पडते, दोन शब्द बोलते आणि सरावाला जाते. ती कोळवणला आलेली नाही, आणि तेही आता आग्रह करत नाहीत. मात्र गावात कुणी लेकराच्या मार्कांची बढाई मारू लागला, की ते त्याला विचारतात, "आणि नापास झालं तर घरात घेशील का?"

मंडळी, हा प्रश्न आपल्यालाही आहे. जिंकलेल्या लेकराला जवळ करायला सारं गाव धावतं. हरलेल्याला जवळ करायला आईबापच लागतात. त्या वेळी आपण पाठ फिरवली, तर नंतर मागितलेली माफी मिळेलही. लेकरू परत मिळेलच असं नाही.