नायिका आली का, उस्ताद?

उस्तादांची बायको सनीया नवस बोलली, तेव्हा अंधारातून मीही तिच्यामागोमाग बोलले होते. कपाटासमोर उभी राहून, ओंजळ पसरून ती पुटपुटली, "आई सय्यदा झैनब, माझ्या माणसाने बासरी पुन्हा ओठी लावली, तर तुझ्या दर्ग्याच्या दारी गोरगरिबांना भात-रस्सा वाढीन."

मी ती बासरी. कपाटाच्या खणात, लोकरीच्या पांघरुणांखालून बोलतेय.

नाईलच्या काठचा मी एक बोरू. मला कापलं, सुकवलं, तापल्या सळईने भोकं पाडली. मी कुरकुरले नाही. त्याशिवाय का सूर लागतो? उस्ताद वजीहनी मला घेतलं तेव्हा त्यांना मिसरूडही फुटलं नव्हतं. पुढे ते इथे कैरोत चित्रपटांना संगीत देऊ लागले. घराबाहेर काढलेली नायिका उंबऱ्यावर उभी राहिली की मी वाजायचे, आणि भोपळ्याच्या बिया सोलता सोलता सगळं थिएटर डोळे पुसायचं.

पण उस्तादांच्या मनात एक मोठी रचना होती. तिला ना पडदा, ना गोष्ट. नुसतं संगीत. कितीतरी वर्षं ती त्यांनी माझ्यावर घोळवली. अखेर ती ऑपेरागृहात वाजली.

दुसऱ्या दिवशी समीक्षक लुत्फी एफेंदींनी वर्तमानपत्रात लिहिलं, "सगळा वेळ वाटत होतं, आता दार उघडेल आणि नायिका रडत आत येईल. ती काही आली नाही. मग आम्हीच रडत घरी गेलो."

विनोद झकास होता, त्यामुळे गल्लीभर झाला. न्हावी वस्तरा थांबवून विचारी, "नायिका आली का, उस्ताद?" वाणी म्हणे, "दार उघडं ठेवा हो, बिचारी बाहेर ताटकळत असेल." उस्ताद हसत. पण एकदा घरी आले आणि मला खणात टाकून किल्ली त्यांनी जाकिटाच्या खिशात ठेवली. चित्रपटाची कामं पोटासाठी चालू राहिली, पण तीही पियानोवर. स्वतःचं असं त्यांनी पुन्हा काही लिहिलं नाही.

खणात वारा नाही. बदामाचं तेल नाही. बोरू सुकत जातो. एक दिवस माझ्या अंगाला बारीक चीर गेली.

ईदला सगळे सगळ्यांकडे जातात, तसे लुत्फीही बिस्किटांचा डबा घेऊन आले. भिंतीपलीकडचं मला सगळं ऐकू येत होतं.

"कॉफीत साखर किती घालू?" सनीयाने विचारलं.

"बेताची, सित्त सनीया," लुत्फी अदबीने म्हणाले.

"आणि रचनेचा शेवटचा भाग कसा वाटला?" तिने लगेच विचारलं.

कपाचा आवाज थांबला. "शेवटचा... छापखाना कुणासाठी थांबत नाही हो. मी मध्यंतरातच निघालो."

मग उस्ताद म्हणाले, "लुत्फी, तुझं खोटं नव्हतं. लिहिताना ती बाई मलाही दारात दिसत होती. जन्मभर मी दारातल्या बायकांसाठीच वाजवलं. मला तेच येतं, त्यात लाज कसली? पण शेवटी ती रडत आत येत नाही. पाठ फिरवून आपल्या वाटेने निघून जाते. तेवढ्यासाठी तरी थांबायचंस."

किल्ली फिरली. उजेड आला. उस्तादांनी तो भाग वाजवला. खालचा सूर माझ्या चिरेतून घोगरा निघाला. लुत्फींची कॉफी तशीच निवली. जाताना ते एवढंच म्हणाले, "लिहितो मी."

त्यांनी खरंच लिहिलं, शेवटच्या पानावर. कुणी वाचलं नाही. चांगलं कुणी पाठ करतं का? सनीया भात-रस्सा वाढून नवस फेडून आली, त्याच दिवशी न्हावी पुन्हा म्हणाला, "काय उस्ताद, आली का?"

किल्ली पुन्हा फिरली, आणि अंधार झाला.

तो विनोद ट्रामने गावभर मोकळा हिंडतो, मी इथे. त्याच्यावर माझा राग नाही. हसावं माणसानं. पण सनीया आता नवा नवस बोलली आहे, स्वतःशीच: कुणाचंही काम शेवटपर्यंत ऐकल्याशिवाय हसायचं नाही. रोज इथे येऊन ती तो मला ऐकवते, आणि तिच्या हातातल्या वाटीतल्या बदामतेलाचा वास कपाटाच्या फटीतून आत येतो.

तुम्हीही एवढा नवस बोला ना. मग खुशाल हसा.