एकशे चाळीस ग्रॅम

मी एक जुना लटकता वजनकाटा आहे, मित्रांनो. सावली तालुक्यातल्या एका गावी, मच्छीमार संस्थेच्या खोलीत खिळ्याला टांगलेला. माझ्या हुकाला आज काहीही अडकवलेलं नाही. तरीही माझी सुई शून्यावर नाही, एकशे चाळीस ग्रॅमवर आहे. ती तिथे कशी गेली आणि त्यामुळे काय झालं, हे मला सांगायचं आहे. सांगितल्यानं माझी चूक कमी होणार नाही, हे मला माहीत आहे.

मी कारखान्यात तयार झालो तेव्हा माझ्या पोटातली स्प्रिंग घट्ट आणि चकचकीत होती. गोल तबकडीवर पाच किलोपर्यंतचे आकडे होते. मूल गावच्या बाजारातल्या एका दुकानातून मला रंजीतानं विकत घेतलं. रंजीता प्राणिशास्त्र शिकलेली, नुकतीच पदवी घेतलेली मुलगी. गावच्या तलावातले देशी मासे कमी होत आहेत का, आणि होत असतील तर किती, हे मोजायचं काम तिच्याकडे होतं.

गाव मासेमारी करणाऱ्या ढिवरांचं. तलावावर आणि थोड्या धानावर जगणारं. इथे सगळ्यात आधी ही गोष्ट बोलली ती गोकुळाबाई. चाळीस वर्षं तिनं मासे धरले आणि डोक्यावर टोपली घेऊन विकले. ती संस्थेच्या बैठकीत म्हणाली, "मासे कमी होऊन राह्यले. पावसाळ्याचे दोन महिने तलावाच्या वरच्या अंगाले जाळं टाकू नका. तिथीच ते अंडे घालतेत."

संस्थेचे सचिव मनसारामभाऊ म्हणाले, "बाई, दोन महिने काय खाचं? तुह्या म्हणण्यावर सगळ्याईनं घरी बसाचं काय?"

शेवटी ठरलं असं की आधी मोजायचं. रंजीतानं पद्धत सांगितली. दरवर्षी कार्तिकात, त्याच दहा जागा, तेच फेकजाळं, प्रत्येक जागी दहा फेकी. जे सापडेल ते तोलायचं आणि परत पाण्यात सोडायचं. एका वर्षात दहा टक्क्यांहून जास्त घट दिसली तर वरचा भाग पावसाळ्यात बंद. कमी दिसली तर बंदी नाही. सगळ्यांनी माना डोलावल्या.

पहिल्या वर्षी मी मनापासून काम केलं. रंजीतानं आधी एक किलो मिठाची न फोडलेली पिशवी मला अडकवली. माझी सुई बरोबर एक किलोवर थांबली. मग माशांसाठीची ओली जाळीची पिशवी रिकामीच तोलली आणि वहीत लिहिलं, 'पिशवी साठ ग्रॅम'. त्या दिवसांत मरळ, शिंगी, बोटरी माझ्या खाली फडफडत. मी हललो की सुई थांबेपर्यंत रंजीता वाट बघायची, घाई करायची नाही. पिशवीचं वजन वजा जाता एका जागेची सरासरी निघाली सहाशे ग्रॅम. मला फार अभिमान वाटला. लोक मला 'मॅडमचा काटा' म्हणू लागले.

काम झाल्यावर मी मनसारामभाऊंच्या घरी राहिलो. गावात एक रीत आहे. कोणी काटा मागितला तर नाही म्हणायचं नाही. मंडईच्या, म्हणजे गावच्या जत्रेच्या, दिवशी पंधरा घरांनी मिळून वाटणीचा बकरा घेतला होता. त्याचे हिस्से करायला गावातला बिरजू मला घेऊन गेला. एकूण मटण किती भरतं, हे त्याला एका दमात बघायचं होतं. त्यानं अर्धा बकरा उचलून माझ्या हुकाला लावला. मी पाच किलोचा. माझी स्प्रिंग ताणली, आणखी ताणली, आणि सुई तबकडीच्या शेवटाला जाऊन अडकली. मी तुटलो नाही. तुटलो असतो तर बरं झालं असतं. तुटलेल्या काट्यावर कोणी विश्वास ठेवत नाही.

भार काढल्यावर सुई परत आली, पण शून्यापर्यंत पोचली नाही. एकशे चाळीसवर थांबली. मग माझ्यावरच किलोकिलोचे हिस्से तोलले गेले. गोकुळाबाईनं आपला हिस्सा हातात घेतला, वरखाली केला.

"हा किलो नाई," ती म्हणाली. "हलका लागते."

"सगळ्याईलेच सारखा हलका आहे ना, मावशी?" बिरजू म्हणाला. "मंग भांडन कायचं?"

"भांडन नाई. काट्याले सांगून राह्यली."

सगळे हसले. बिरजूचं म्हणणं वाटणीपुरतं खरं होतं. सगळ्यांना एकाच चुकीनं दिलं तर कोणावर अन्याय होत नाही. पण मित्रांनो, मोजणी म्हणजे वाटणी नव्हे. एक माप चुकीआधी घेतलं आणि दुसरं चुकीनंतर, तर ती चूक मधल्या फरकात जाऊन बसते.

दुसरं वर्ष आलं. रंजीता दहाही जागी आली, जाळं तेच, फेकी तेवढ्याच. फक्त मिठाची पिशवी तिनं आणली नाही. रिकामी जाळीची पिशवी तोलून बघायचीही तिला गरज वाटली नाही. वहीत साठ ग्रॅम लिहिलेलं होतंच. मासे भरलेली पिशवी ती थेट मला अडकवायची. मला ओरडून सांगायचं होतं. पण काट्याला सुईखेरीज तोंड नसतं, आणि माझी सुईच खोटं सांगत होती. सरासरी निघाली पाचशे साठ.

बैठकीत तिनं आकडे वाचले. सहाशेवरून पाचशे साठ, म्हणजे चाळीस ग्रॅमची घट, सुमारे सात टक्के.

"दहाच्या आत आहे," मनसारामभाऊ म्हणाले. "बंदी नाई."

गोकुळाबाई उठली. "माह्या टोपलीत पयल्यासारखे मासे नाईत. मले मोजता येत नाई, पन हाताले समजते."

"हात जुना झाला, मावशी," मागून कोणीतरी म्हणालं. "काटा नवा आहे."

ती खाली बसली. मी टेबलावर होतो. माझ्या सुईचे फुकटचे एकशे चाळीस वजा केले, तर खरी सरासरी होती चारशे वीस. घट चाळीस नव्हती, एकशे ऐंशी ग्रॅम होती. सात टक्के नव्हे, तीस.

पुढच्या पावसाळ्यात वरच्या अंगाला जाळी पडली. मरळीची पिल्लं लालसर पुंजक्यानं वर तरंगतात आणि त्यांच्या खाली आईबाप राखण करत फिरतात. पुंजका दिसला की जाळं कुठे टाकायचं हे वेगळं सांगावं लागत नाही. मोठ्या मरळी धरल्या गेल्या. पुंजके दोन दिवस भटकताना दिसले, मग दिसले नाहीत. तोलायला मीच होतो.

तिसऱ्या कार्तिकात माशांची जुनी जाळीची पिशवी फाटली. रंजीतानं नवी आणली आणि ती तोलायला मला हातात धरलं. जाळी अजून तिच्या दुसऱ्या हातातच होती. तिनं माझ्याकडे पाहिलं. पुसून पुन्हा पाहिलं. मग धावत जाऊन दुकानातून मिठाची पिशवी आणली. एक किलो एकशे चाळीस. ती तलावाच्या पाळीवर बराच वेळ बसून राहिली. मागच्या वर्षीची वही तिच्या मांडीवर उघडी होती.

वाटलं तर तिला गप्प बसता आलं असतं. नवा काटा आणायचा, पुढे जायचं. तिनं नवा काटा आणला, त्यावर तिसरी मोजणी केली आणि बैठक बोलावली. सगळ्यांसमोर मला चिंचेच्या फांदीला लटकवलं.

"काय तोलून राह्यल्या, मॅडम?" बिरजूनं विचारलं.

"काहीच नाही."

गोकुळाबाई जवळ आली. "काहीच नाई, त्याचं एवढं वजन?"

कोणी हसलं नाही. रंजीतानं सगळं सांगितलं. मिठाची पिशवी न आणल्याचंही. मग बिरजू मान खाली घालून म्हणाला, "मंडईले अर्धा बकरा मीच लटकवला होता." यंदाची सरासरी होती तीनशे. पहिल्या वर्षाच्या बरोबर निम्मी.

मनसारामभाऊंनी वहीतले तिन्ही आकडे वाचले. "बंद ठेवू," ते म्हणाले. "बाई, तू खरी निघाली."

"मी खरी निघाली म्हनून मरळी वापस येत नाईत, भाऊ," गोकुळाबाई म्हणाली.

मला फेकून द्यायचं ठरत होतं. तिनंच थांबवलं. "इथीच टांगा त्याले. रिकामा. सगळ्याईले दिसला पायजे." म्हणून मी इथे आहे. रंजीतानं वहीतला पाचशे साठ खोडला नाही. त्यावर एक आडवी रेघ मारली आणि शेजारी चारशे वीस लिहिलं, तारीख घालून. आता प्रत्येक मोजणीआधी मिठाची पिशवी पहिल्यांदा गोकुळाबाईच्या हातात जाते. ती 'हो' म्हणाली की मगच नव्या काट्यावर.

मित्रांनो, तुम्हीही काही ना काही मोजाल. रोपांची उंची, विहिरीचं पाणी, पाखरांची घरटी. मोजण्याआधी तुमचं साधन एकदा रिकामं बघा, आणि दरवर्षी बघा. ज्याला चाळीस वर्षांची सवय आहे, त्याचा हातही विचारात घ्या. मला कोणी तसं बघितलं नाही, हे खरं. पण ताणलो मी होतो, आणि पाचशे साठ हा आकडा माझ्याच सुईनं दाखवला होता.

या खोलीत आलेली मुलं विचारतात, हुकाला काही नसताना हा काटा एकशे चाळीस कशाचे दाखवतो? मोठी माणसं सांगतात, स्प्रिंग सैल झाली आहे. ते बरोबरच आहे. मला मात्र सुईकडे पाहिलं की पाण्यावर भटकणारे ते लालसर पुंजके आठवतात.