शेवटाआधी विझलेली बत्ती

मित्रांनो, मी एक जुनी गॅसबत्ती आहे. जुनी म्हणा, माझी हरकत नाही. पण भंगार म्हणू नका. माझी पितळेची टाकी ठोकून बघा, अजून खणखणीत आहे. पंप थोडा कुरकुरतो, पण चालतो. मुलुंडच्या आमच्या वाडीत माझ्याएवढा उजेड कोणी पाडला नाही, हे मी छाती पुढे काढून सांगते. आणि तरीही मला सगळ्यांत जास्त मान मिळाला तो एका रात्री ऐन रंगात विझल्यामुळं. ही काय भानगड आहे, तेच आज सांगायचं आहे.

मला कोणत्या कारागिरानं घडवलं, त्याचं तोंड मला आठवत नाही. आठवतो तो पेंढा, ज्यात गुंडाळून मला खोक्यात बसवलं होतं. पुढं एका माणसानं मला विकत घेतलं आणि तो मला लग्नांना भाड्यानं देऊ लागला. वरातीत मी माणसाच्या डोक्यावर बसून जात असे. घोड्यावरचा नवरदेव कितीही बेताच्या रूपाचा असो, माझ्या उजेडात तो राजबिंडा दिसे. लोक नवरदेवाचं कौतुक करत आणि मी ते मनातल्या मनात माझ्या नावावर लिहून घेत असे.

मग वाडीतल्या लोकांनी गणपतीसाठी मला घेतलं. तेव्हा घराघरांत विजेचे दिवे होते, पण अंगणात खांब आला नव्हता. गणपती झाले की मी वर्षभर माळ्यावर पडून राहायची. पण आमच्या वाडीत सुहासिनीबाई होत्या, म्हणून माझं नशीब उघडलं.

सुहासिनीबाईंचे यजमान, श्यामसुंदरराव, फोर्टातल्या एका कचेरीत कामाला होते. महिन्यातून एकदोनदा बाई मुलांना शेजारी ठेवून त्यांच्याबरोबर शहरात जात आणि बघण्यासारखं जे जे असेल ते बघून येत. कधी चित्रांचं प्रदर्शन, कधी म्युझियम, कधी गिरगावातलं नाटक. वाडीतल्या बाकीच्यांना एवढं हिंडायला सवड कुठली? महिन्यातून एक रविवार मिळणार, तो वाया जाऊ नये म्हणून सगळे बाईंनाच विचारत, या महिन्यात काय बघावं? एकेकाला जिन्यात गाठून सांगण्यापेक्षा एकदाच सगळ्यांना सांगावं, असं बाईंनी ठरवलं. तेव्हापासून महिन्याच्या पहिल्या शनिवारी, जेवणं लवकर आटोपून, सारी वाडी अंगणात जमू लागली. त्याला सगळे ‘बाईंचा शनिवार’ म्हणत. आता अंधारात कोणी बोलत बसतं का? मला खाली काढावंच लागलं.

मला पेटवायचं काम लवूकडे होतं. लवू मागच्या चाळीत राहायचा. मूळचा मालवणकडचा, आधी गिरणीत होता, मग मुलुंडच्याच एका लहान कारखान्यात लागला. त्याचा हात माझ्यावर बसला होता. वाटीत स्पिरिट ओतायचं, मेंटल, म्हणजे ती रेशमी जाळी, हलक्या हातानं बांधायची, बेतानं पंप मारायचा. घिसाडघाई नाही. मी फुललेली असताना तो माझ्या शेजारीच उकिडवा बसून राहायचा आणि जरा उजेड उतरला की दोन हात पंप मारायचा.

बाईंचे निकाल ठरलेले असत. ‘बघाच’, नाहीतर ‘वेळ असेल तर बघा’, नाहीतर ‘त्यापेक्षा घरी बसून भजी तळा’. एका प्रदर्शनातल्या चित्राबद्दल त्या म्हणाल्या होत्या की, चित्रात एक बाई पाठमोरी बसली आहे, आणि नुसत्या पाठीवरून कळतं की तिचं आत्ताच रडून झालं आहे. कसं कळतं ते मात्र मला सांगता येत नाही, असंही म्हणाल्या. झालं, अर्धी वाडी ती पाठ बघायला गेली. दुसऱ्या खेपेला त्यांनी राणीच्या बागेतल्या म्युझियमची शिफारस केली. तिथल्या मातीच्या छोट्या माणसांपैकी एक हुबेहूब आपल्या अण्णांसारखा दिसतो, कोणता ते ओळखा, म्हणाल्या. अण्णा म्हणजे वाडीतले सगळ्यांत वडीलधारे पेन्शनर. सगळेजण जाऊन आले. अण्णा स्वतःही गुपचूप जाऊन आले, आणि परत आल्यावर दोन दिवस कोणाशी बोलले नाहीत.

नाटकाची गोष्ट मात्र वेगळी होती. नाटक सांगायला लागल्या की बाई स्वतःला विसरत. सासू व्हायच्या, सून व्हायच्या, दारू प्यालेला मामा व्हायच्या. पहिल्या घंटेपासून शेवटच्या पडद्यापर्यंत एक वाक्य सुटत नसे. माझ्यासमोर बायका पदरानं डोळे पुसत आणि पुरुष उगाच खाकरत. आणि बाईंच्या तोंडावर असं तेज येई की त्यात माझा वाटा किती आणि त्यांचा किती, हे मलाही ठरवता येत नसे. नाटक त्यांचा जीव की प्राण होतं. टाळ्या त्यांना हव्याशा वाटत, हेही खरं. त्यात लाजण्यासारखं काय आहे? मलाही वाटतात.

लवूचा स्वतःचा नाटकाचा संच होता. कारखान्यातून सुटल्यावर दहापंधरा कोकणी माणसं जमून तालमी करत. घाटकोपरच्या एका शाळेनं त्यांना महिन्यातून एका रविवारी सभागृह देऊ केलं. पहिला खेळ बाई बघून आल्या आणि शनिवारी उभ्या राहून म्हणाल्या, ‘बघाच!’ मग त्यांनी ते नाटक सांगितलं. दोन भाऊ आणि त्यांच्या सामाईक फणसाची गोष्ट होती. अण्णा हसून हसून खुर्चीतून घसरले. स्वतःचंच नाटक ऐकताना लवूच्या डोळ्यांत पाणी आलं, इतकं ते झकास सांगितलं होतं.

त्याच नाटकाच्या दुसऱ्या खेळाला लवू मला बरोबर घेऊन गेला, कारण तोंडं रंगवायच्या खोलीत दिवा नव्हता. तिथून मी पडद्याच्या फटीतून सभागृह पाहिलं आणि माझी जाळी थरथरली. रिकाम्या खुर्च्याच खुर्च्या. पुढच्या रांगेत सुहासिनीबाई आणि श्यामसुंदरराव, मागे संचातल्या माणसांची बायकामुलं. आमच्या वाडीतलं दुसरं कोणीही नव्हतं. लवूनं काम जीव तोडून केलं. पण हशा पिकायच्या जागी एकदोन माणसं हसली की ते हसणं भिंतीला लागून परत येई. शाळेच्या चालकांनी सरळ सांगितलं की, पुढच्या खेळालाही हीच गत झाली तर सभागृह मिळणार नाही.

परतीच्या वाटेवर लवूची बायको मालन मला हातात धरून चालली होती. ती बाईंना म्हणाली, “नवा नाटक बसवतत, बाई. त्येकाय माणसा नाय इली, तर संच मोडूचो म्हणान ठरलाहा.” लवू पुढं चालत होता, त्यानं मागं वळून पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी बाईंनी शेजारच्या वनमालाबाईंना विचारलं, का गं आली नाहीस? मी तेव्हा अंगणातल्या ओट्यावर पुसायला काढलेली होते, म्हणून मला ऐकू आलं. वनमालाबाई तांदूळ निवडत होत्या. त्या मोठ्या प्रेमानं म्हणाल्या, “अगं, तू सगळं सांगितलंस की. नुसतं डोळ्यांपुढं उभं केलंस. आता तिथं जाऊन वेगळं काय दिसणार आहे?”

वनमालाबाईंनी मनापासून कौतुक केलं होतं, आणि तेच सुहासिनीबाईंना लागलं होतं. इतकी वर्षं त्या नाटकं बघा म्हणून सांगत होत्या, आणि त्यांचं सांगणं ऐकून लोकांचं पोट भरत होतं. पाठमोरी बाई सांगता आली नव्हती, म्हणून लोक गेले होते. फणस पूर्ण सांगितला, म्हणून कोणी गेलं नाही.

नव्या नाटकात लवूनं मला काम दिलं. हो, मला! गोष्ट अशी. खाडीच्या धक्क्यावर एक म्हातारा तरवाला, म्हणजे होडीतून माणसं पलीकडे नेणारा, राहतो. त्याचा मुलगा भांडून मुंबईला निघून गेलेला. म्हातारा रोज धक्क्यावर बत्ती टांगून ठेवतो. विचारलं तर सांगतो, होड्या चुकू नयेत म्हणून. शेवटच्या प्रवेशात सगळे विजेचे दिवे बंद होतात, रंगमंचावर फक्त मी उरते. एक होडी लागते. कोणीतरी उतरतं. म्हातारा मला उचलून त्या माणसाच्या तोंडासमोर धरतो. म्हातारा अर्थात लवू होता. त्यानं बाईंना तालमीला बोलावलं आणि शेवट बघून त्या कितीतरी वेळ जागच्या उठल्या नाहीत.

मग तो शनिवार आला. खेळ दुसऱ्याच दिवशी होता. त्या शनिवारी अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. बाई नाटक सांगणार म्हटल्यावर भांडुपहूनसुद्धा कोणाकोणाचे पाहुणे आले होते. मी मनात म्हटलं, बघा, ऐकायला यायला सवड आहे! पण दुसरीकडे मी खूशही होते. इतकी गर्दी माझ्याभोवती वरातीतही कधी जमली नव्हती. लवूनं नवी जाळी बांधली आणि मी अशी फुलले की वरच्या मजल्यावरच्या कुंड्या मोजता याव्यात.

बाईंनी सुरुवात केली. मी त्यांची कितीतरी नाटकं ऐकली आहेत, पण अशी रंगलेली एकही नाही. भांडणाचा प्रवेश आला तेव्हा लहान मुलं आयांना चिकटली. लवू माझ्या शेजारी मान खाली घालून बसला होता. आपलं नाटक पुन्हा एकदा इथंच, या अंगणातच संपणार, हे त्याला कळत होतं. तरी उजेड जरा उतरला की तो मुकाट्यानं पंप मारत होता. मला त्याचं फार वाईट वाटलं.

शेवटचा प्रवेश आला. होडी लागली. बाईंचा आवाज खाली खाली गेला. म्हातारा बत्ती उचलतो, म्हणून त्यांनी हात उंचावला. सगळं अंगण पुढं झुकलं. बाईंना तो शेवट सांगायचा होता, त्यांच्या ओठांवर तो आला होता, मी अगदी जवळून पाहिलं. मग तो वर गेलेला हात खाली आला, माझ्या टाकीपाशी आला आणि त्यांनी माझी हवा सोडायची चावी फिरवली.

सुस्स! मला इतका राग आला म्हणून सांगू! ऐन रंगात, भरल्या माणसांत, मला विझवायचं? माझा उजेड पिवळा झाला, तांबूस झाला आणि गेला.

अंधारात एकच गलका उठला. बत्ती लाव रे, बत्ती लाव, म्हणून सगळे लवूच्या मागे लागले. अण्णा काठी आपटत म्हणाले, “सुहासिनीबाई, हे बरं नव्हे. होडीतून उतरलं कोण?”

“ते मला सांगता येणार नाही, अण्णा,” बाई म्हणाल्या. “ते बघावंच लागेल.”

“लवू, तू तरी सांग.”

लवूच्या हातात काडेपेटी होती. मला ती वाजलेली ऐकू आली, पण त्यानं काडी ओढली नाही. बाईंनी काय केलं ते त्याला कळलं होतं. तो सावकाश म्हणाला, “अण्णानू, हय मी बत्तीवालो. म्हाताऱ्याक विचारूचा आसात, तर उद्या घाटकोपराक येवा.”

लोक रागावून घरी गेले. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. बाई एकट्याच माझ्याजवळ उभ्या राहिल्या आणि पदरानं माझी गरम काच पुसू लागल्या. मग मात्र माझा राग गेला. त्या दिवशी मी उजेड सोडला होता, आणि त्यांनी टाळ्या. दोघींचं सारखंच गेलं होतं.

रविवारी घाटकोपरला काय झालं, ते सांगताना अजून माझी टाकी भरून येते. खुर्च्या पुरल्या नाहीत. शेवटी वर्गांतले बाक आणून मांडले, तरी माणसं भिंतीला टेकून उभी होती. वनमालाबाई पहिल्या रांगेत जागा धरून बसल्या होत्या. अण्णांनी तर दारातच सांगून टाकलं होतं की, मी फक्त होडीतला माणूस बघायला आलो आहे. शेवटचा प्रवेश आला. विजेचे दिवे गेले. एवढ्या मोठ्या सभागृहात मी एकटी जळत होते, आणि खोकल्याचासुद्धा आवाज नव्हता. लवूनं मला उचललं. माझा उजेड आधी माझ्या वाडीच्या माणसांवर पडला. सगळी पुढं झुकलेली होती, आदल्या रात्री अंगणात झुकली होती तशीच. मग लवू वळला आणि त्यानं मला त्या चेहऱ्यासमोर धरलं.

संच मोडला नाही. सभागृह मिळत राहिलं. तेव्हापासून बाईंनी प्रत्येक नाटक शेवटाच्या तोंडापर्यंतच सांगितलं आणि मग आपल्या हातानं मला विझवलं. पुढं पुढं तर चावीकडे हात गेला की लोकच हसून उठत आणि उद्या किती वाजता निघायचं ते ठरवत.

गेल्या वर्षी अंगणात विजेचा खांब आला आणि मी पुन्हा माळ्यावर गेले. बाईंचा शनिवार आता बल्बखाली भरतो. एकदा माळ्यावर लपंडाव खेळताना मुलांनी मला लाथाडलं आणि माझी काच तडकली. मित्रांनो, असं करू नका. वर्षातून एकदा लवू ते धक्क्यावरचं नाटक पुन्हा करतो, आणि त्याला विजेचा बल्ब चालत नाही, मीच लागते. यंदा तो नवी काच घेऊन येणार आहे. तेव्हा मला पुसा, पंपाला तेलाचा थेंब सोडा, आणि माझ्याबरोबर घाटकोपरला चला.

आणि होडीतून कोण उतरलं? मला ठाऊक आहे. वाडीत सगळ्यांना ठाऊक आहे. पण अण्णांपासून वनमालाबाईंपर्यंत कोणी कोणाला सांगत नाही. मीही सांगणार नाही. माझं काम उजेड पाडायचं, बघायला तुम्हीच आलं पाहिजे.