बेडूक आणि बाण

कोणाचा विश्वास बसणार नाही, पण आमच्या कारखान्याचं गटार एकदा नळापेक्षा स्वच्छ वाहिलं. पाणी शुद्ध करणारं माझं पहिलंच यंत्र होतं. मालकांनी बजावलं होतं, "चाललं तर नोकरी पक्की, नाहीतर घरी बस."

मी दोन नळ्या उलट्या जोडल्या. शुद्ध पाणी गटारात, गाळ मालकांच्या पेल्यात! गटारातले बेडूक इतके नितळ झाले, की त्यांच्या आरपार पेपर वाचता यायचा.

मालकांनी शांतपणे विचारलं, "काय शिकलास?"

मी नळ्या सरळ जोडल्या आणि ब्रश उचलून त्यांच्यावर पाण्याच्या दिशेचे लाल बाण काढले. नोकरी पक्की!

ही गोष्ट ऐकून नातवंडं खूश झाली. पण बायको तेव्हा त्याच कारखान्यात पाणी तपासायची. ती म्हणाली, "अहो, बेडूक एक वेळ चालतील. पण ते बाण पुसून मी पुन्हा काढले होते, तुमचे तेही उलटेच होते!"