तिर्झाची अरबी

नुहादला आपल्या शिष्येचं भारी कौतुक होतं, आणि सगळं घोडं तिथेच पेंड खात होतं. हैफातली ज्यू माणसं अरबी शिकायला बसली की घशातले उच्चार त्यांच्या घशातच अडकतात. तिर्झाचे मात्र दुसऱ्याच मंगळवारी स्वच्छ, मोकळे आले. "शिकवणारी कोण आहे, बघ की," असं नुहादने त्याच दिवशी धाकट्या बहिणीला, अबलाला, फोनवर ऐकवलं. अर्थात अरबीत. तिर्झा समोरच बसून छोट्या वांग्यांत अक्रोड भरत होती. तिच्या चेहऱ्यावरची माशीही हलली नाही.

शिक्षक असा कुणी नव्हताच. दर मंगळवारी नुहादच्या स्वयंपाकघरात तिघं जमायची. नुहाद घरी लोणची घालून विकायची, तिला हिब्रू हवी होती. तिर्झा औषधांच्या दुकानातून निवृत्त झालेली, तिला अरबी हवी होती. आणि गेनादी, ओडेसाहून आलेला बसड्रायव्हर, त्याला दोन्ही हव्या होत्या आणि दोन्हींची सारखीच बोंब होती. चहा होईपर्यंत अरबी, नंतर कॉफीवर हिब्रू. नियम एकच: अडलेल्याला कुणी हात द्यायचा नाही. त्याचा शब्द त्यानेच शोधायचा, बाकीच्यांनी मुकाट्याने वांगी भरायची. या नियमामुळे नुहादचं लोणच्याचं निम्मं काम फुकटात व्हायचं, हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं.

"नुहादबाई, बसमधल्या म्हाताऱ्या मला अरबीत शिव्या देतात की आशीर्वाद, एवढं कळलं तरी मला पुरे," गेनादी म्हणायचा.

"शिव्याच असणार. तुझा ब्रेक मी पाहिलाय."

तिर्झा पहिल्यांदा आली तेव्हा नुहादने दारातच अरबीत या-बसा केलं होतं. त्यावर तिर्झा अवघडून हिब्रूत म्हणाली होती, "माफ करा बाई, मला अरबी कळत नाही." नुहादने तेच वाक्य तिच्याकडून घोकून घेतलं. तिला धड आलेलं ते पहिलं हिब्रू वाक्य. पुढे तिघांत त्याची थट्टाच झाली. गेनादीला आणखी वांगी भरायला सांगितली की तो हात जोडून तेच म्हणायचा.

नुहादला हिब्रू कशासाठी हवी होती, ते तिने दोघांनाही सांगितलं नव्हतं. कोपऱ्यावरचा घड्याळजी धंदा गुंडाळत होता आणि ती जागा तिला लोणच्याच्या दुकानासाठी हवी होती. मालक वर कार्मेलच्या डोंगरावर राहायचा, हिब्रूच बोलायचा. आजवर प्रत्येक कचेरीत तिच्या वतीने तिचा दीर बोलला होता, आणि बोलणाराच शेवटी मालक होऊन बसतो हे तिने नवरा गेल्यापासून पुरतं अनुभवलं होतं. या वेळी तिला स्वतःच्या तोंडाने बोलायचं होतं. दृष्ट लागू नये म्हणून सगळं पोटात ठेवलं होतं. फक्त अबलाला फोनवर सांगायची, घड्याळजी कधी जाणार, मालक कोण, कशाने राजी होईल. दोघं समोर असली म्हणून काय झालं? गेनादी तर गेनादीच, आणि तिर्झाची गाडी अजून 'हे टेबल आहे' वरच होती.

तिर्झाने मात्र, कशाला हवीत असं न विचारता, तिला भाड्याने जागा मागायची वाक्यं किती मनापासून शिकवली. "घाई करू नकोस. आधी नमस्कार, मग मुद्दा."

नुहाद इस्त्रीचा कोट घालून मालकाकडे गेली, एकटी. आधी नमस्कार, मग मुद्दा. मालक भला माणूस होता. म्हणाला, उशीर केलात, गेल्याच आठवड्यात एका तरुणाला दिली. त्याचा शब्द न् शब्द तिला कळला, आणि कळल्याचंच जास्त रडू आलं. मंगळवारी तिने सगळं सांगितलं तेव्हा तिर्झाने तिला जवळ घेतलं. "मिळेल गं दुसरी," म्हणाली, हिब्रूत. कोपऱ्यावर घड्याळजीच्या जागेत कॉफीचं यंत्र आलं. यंत्रामागे तो तरुण उभा दिसला त्या दिवसापासून नुहाद रस्ता बदलून जाऊ लागली.

मग तिर्झाची म्हातारी आई गेली. गेनादीने ज्यूंच्या सुतकाची रीत समजावली. "सात दिवस दार उघडंच असतं, वाजवायचं नाही. आणि ती बोलेपर्यंत आपण तोंड उघडायचं नाही."

नुहादने मसुराचा भात केला, सांत्वनाचं वाक्य पाठ केलं आणि पातेलं घेऊन जिना चढली. दार उघडंच होतं. आत बायका अरबीत बोलत होत्या. बगदादची जुनी, जड अरबी. शेजारणी असतील, असं तिला वाटलं. मग त्यांतलाच एक आवाज ओळखीचा निघाला, तिर्झाचा. तो गेलेल्या आईची एक खोडी सांगत होता, भरभर, न अडखळता, आणि बायका डोळे पुसत हसत होत्या.

"द्या ते माझ्याकडे," म्हणत एका तरुणाने तिच्या हातातलं पातेलं घेतलं. "मी ओमरी. तिर्झाचा जावई."

हाच तो कोपऱ्यावरचा कॉफीवाला. आपल्याच स्वयंपाकघरात, आपलंच खाऊन, आपलेच फोन ऐकून, हिने आपला केसाने गळा कापला होता.

तिर्झा जमिनीलगतच्या ठेंगण्या खुर्चीवर बसली होती. तिने वर पाहिलं आणि तिचा चेहरा उतरला. नुहाद गप्प उभी राहिली. रीतच होती तशी.

शेवटी तिर्झा बोलली, अरबी बायका मारतात तशी नुहादला तिच्या मुलाच्या नावाने हाक मारून. अरबीत.

"बासिलच्या आई, बस ना. ऐकून तरी घे. आम्ही बगदादहून इथे आलो तेव्हा शाळेत पोरं अरबीवरून चिडवायची. मी अरबी टाकली. आई अरबीत बोलायची, मी हिब्रूत उत्तर द्यायची, जन्मभर. शेवटी शेवटी आईची हिब्रू गेली, आणि मला तिच्याशी बोलायची लाज वाटायची. तुझ्याकडे पुन्हा पहिल्यापासून शिकावं म्हटलं. खरंच शिकले गं."

नुहादने नुसतं ओमरीकडे पाहिलं.

"त्याचं काम सुटलं होतं," तिर्झाचा आवाज बारीक झाला. "पोरगी रोज रडायची. एकदाच तोंडातून गेलं माझ्या. मी... मला..."

ती अडली. तिला कोणता शब्द हवा होता, हे नुहादला माहीत होतं. तो अरबीत येत होता, हिब्रूतही येत होता, आणि तो ऐकला असता तर कदाचित ती खाली बसलीही असती. इतके मंगळवार पाळलेला नियम तिने पाळला. थांबली, हात दिला नाही. तिर्झाला शब्द सापडला नाही.

मग नुहाद हिब्रूत बोलली, सावकाश, एकही चूक न करता.

"माफ करा बाई, मला अरबी कळत नाही."