मलकापूरच्या पुढची वळणं

"वैनी, एक ध्यानात ठेवा. फायली हातानंच टाकायच्या. एकेक, वहीत बघून. त्या मॅनेजरच्या नादाला लागायचं न्हाय."

पायाच्या ऑपरेशनसाठी मिरजेला निघताना, रिक्षात बसता बसता सयाजीभाऊजी हे म्हणाले होते. मी मान हलवली होती. म्हणजे शब्दच दिला होता.

भाऊजी माझे धाकटे दीर. तीस वर्षं त्यांनी वारणानगरहून शाहूवाडीच्या डोंगरात दुधाचा टँकर नेला-आणला. मग साखरेनं डावं पाऊल गेलं आणि गाडी सुटली. माणूस भिंतीकडे तोंड करून पडून राहायला लागला. इथं आमच्या कळंब्यात मोबाईल दुरुस्तीचं दुकान चालवणारा अल्ताफ त्यांच्या जुन्या दोस्ताचा मुलगा. त्यानं कॉम्प्युटरवर ट्रक चालवायचा गेम आणून दिला. रस्ते सगळे परदेशातले.

"हितं म्हस कुठं आडवी येती?" भाऊजी म्हणाले. "ह्ये काय डायविंग हाय?"

तेव्हा अल्ताफनं काही मॉड नेटवरून उतरवले, काही स्वतः करायला घेतले. मॉड म्हणजे गेममध्ये वरून घालायच्या जादा फायली. एका फायलीनं टँकर दुधाचा झाला, एकीनं हॉर्न आपल्याकडचा झाला. सगळ्यात मोठी फाईल रस्त्याची, मलकापूरहून आमच्या गावाकडच्या वाडीपर्यंतच्या चढाची. भाऊजी सांगायचे, अल्ताफ काढायचा. दोन वर्षं हे चाललं. त्या रस्त्यापायी भाऊजी उठून बसायला लागले, दाढी करायला लागले.

त्यांची बोटं थरथरतात, म्हणून फायली फोल्डरात ठेवायचं काम माझ्याकडे आलं. क्रम चुकला की गेम उघडत नाही. मी वहीत लिहून घेतलं होतं. पूजेची उपकरणी मांडावीत तशी एकेक फाईल जागेवर ठेवायची. काय कुठं आहे ते माझं मला ठाऊक असायचं.

भाऊजी गुरुवारी घरी येणार होते. गेममध्ये त्यांचा टँकर वाडीखालच्या शेवटच्या वळणाला उभा होता. आल्यावर वाडीतलं दूध भरायचं राहिलं होतं.

माझी लेक संयोगिता रविवारी पुण्याहून आली. सोमवारी सकाळी तिनं ते फोल्डर उघडलं.

"आई, हातानं कोण करतं गं आता हे? अठरा फायली, त्यातल्या दोन एकमेकींच्या अंगावर. मॉड मॅनेजरचा प्रोग्राम टाकते. क्रम तोच लावतो, चुकलं तर मागं पण नेतो. काका आल्यावर बघतच राहतील."

ती खोटं बोलत नव्हती. मागच्या महिन्यात मीच हॉर्नची फाईल दोनदा घातली होती आणि गेम दोन दिवस बंद पडला होता.

पण माझी अंघोळ झालेली. अंघोळीपासून नैवेद्य होईपर्यंत मी बोलत नाही. एकोणीस वर्षांचा नेम आहे. फुलांचं तबक घेऊन मी दारात उभी होते. मी जोरजोरात हात हलवला.

"बरं बरं, चहा नको," ती म्हणाली.

पडद्यावर इंग्रजी पाटी आली. या फोल्डरात अनोळखी फायली आहेत, काढून टाकायच्या का? मला सगळं वाचता येत नाही, पण 'डिलीट' येतं. मॅनेजरनं स्वतः न ठेवलेलं ते सगळं त्याला अनोळखी. तोंड उघडायला अर्धा श्वास पुरला असता. मी तिच्या खांद्याला धरायला पुढं झाले, आणि तिनं बटण दाबलं.

नैवेद्य झाल्यावर पहिलं वाक्य निघालं ते, "रस्ता कुठं गेला?"

बाकीच्या फायली नेटवरून तासाभरात परत आल्या. मॅनेजरनं त्या नीट रांगेत लावल्या. खरं सांगायचं तर गेम पूर्वीपेक्षा लवकर उघडला. पण चढ कुठल्याच साइटवर नव्हता, कॉम्प्युटरच्या रिसायकल बिनमध्येही नव्हता; मॅनेजर मागं नेतो ते फक्त त्यानं स्वतः ठेवलेलं.

"मग बोलली का नाहीस?" संयोगिता रडवेली झाली.

"नेम होता."

"आई!"

मी अल्ताफला फोन लावला.

"काकी, मलकापूरपतूर हाय माझ्याकडं. फुडचा चढ ज्या पेनड्राइव्हवर हुता, त्यो पुसून भैनीच्या, नुजहतच्या लग्नाचं फोटू भरलं की मी."

"परत होईल?"

"व्हईल की. पण वळणं काकांच्या डोक्यात. माझ्या डोक्यात आता फकस्त गिऱ्हायकांचं फुटलेलं डिस्प्ले."

संयोगितानं नेटवर त्या रस्त्याचे फोटो शोधले. एकही नव्हता.

संध्याकाळी भाऊजींचा फोन आला. "गाडी हाय न्हवं उभी?"

"नाही, भाऊजी. रस्ताच गेला. माझ्या डोळ्यांदेखत गेला."

"मॅनेजर?"

"होय."

"बरं," म्हणाले आणि फोन ठेवला.

मंगळवारी मिरजेहून आमच्या ह्यांचा फोन; ते भाऊजींजवळ दवाखान्यात होते. "सयाजी कुबड्या घेत न्हाय. भिंतीकडं तोंड करून पडलाय. काय सांगितलंस गं त्येला?"

मी जपाला बसले, तर मण्यांचा मेळ लागेना. उठले, पाणी प्याले, परत बसले, परत उठले. तांदूळ निवडायला घेतले आणि तसेच ठेवले. शेवटी ह्यांनाच फोन लावला आणि भाऊजींच्या कानाला धरायला सांगितला.

"भाऊजी, गुरुवारी तुम्ही याल तेव्हा त्या चढाच्या एकेका वळणाचे फोटो अल्ताफकडं असतील. शेजारी बसून तुम्ही सांगायचं, त्यानं काढायचं."

"कोन जानार तिकडं?"

"मी."

"वडापच्या जीपमधनं काढशीला. फोटू हलत्यात त्यात."

"चालत जाईन."

वॉर्डातल्या कुणाचा तरी खोकला ऐकू आला.

"दुसऱ्या वळनाला कठडा न्हाय," भाऊजी म्हणाले. "आतल्या अंगानं चाला, वैनी."

बुधवारी पूजा आटोपली. संयोगिता न्हाणीत होती. तिला हाक न मारता मी चप्पल घातली आणि स्टँडवर जाऊन मलकापूरची गाडी धरली. मलकापुरातून दुसरी गाडी मिळाली, ती फाट्यापर्यंतच जाणारी.

"मावशी, वाडीची गाडी दुपारच्याला हाय," कंडक्टर म्हणाला. "हितं उतरून काय करनार?"

"जाते चालत."

"आवो, चढ हाय की सगळा!"

गाडी वळून गेली. मी पदराच्या टोकानं फोनची काच पुसली, पहिल्या वळणाचा फोटो काढला आणि आतल्या अंगानं चढाला लागले.