पुढं ओढलेली सीट

महेबूबनं सीटखालचा दांडा उचलला आणि सीट पुढं ओढली. करकर करत ती चार बोटं सरकली. मग त्यानं आरसा वाकवून आपल्या नजरेत आणला. मालकांचा धाकटा अमरेश उंच, पाय ताणून, जवळजवळ आडवा पडून गाडी चालवणारा. त्याच्या मापाची सीट तशीच ठेवली, तर पंचनाम्याला आलेला पोलीस विचारायचा, ह्या बुटक्याचा पाय क्लचला पुरला कसा?

"झालं का रे?" ओट्यावरून किशनरावांनी विचारलं.

"हाव मालक."

"आरसा?"

"त्योबी केला."

किती बारीक विचार केला होता माणसानं! रस्त्यात पोर पडली तेव्हा ह्या घरातलं कुणी तांब्याभर पाणी घेऊन धावलं नाही, पण आरशाचं मात्र बरोबर सुचलं. दाराच्या आतल्या अंगाला अमरेशच्या गुटख्याचे ओघळ वाळले होते आणि त्यावर कसलासा गुलाबाचा वास फवारलेला. त्यानं फडकं ओलं करून तेही पुसून काढलं. का पुसलं, त्याचं त्याला कळेना. वीस वर्षांची सवय, दुसरं काय.

गोष्ट परवाची. किशनरावांचा नातू शिवम तिसरीत. त्याला शाळेतली खिचडी चालत नसे, म्हणून त्याची आई पुनम रोज एक वाजता महेबूबच्या हातात गरम डबा द्यायची आणि महेबूब चालत शाळेत जायचा. शाळा लातूरकडं जाणाऱ्या मोठ्या रस्त्याला लागून. मधल्या सुट्टीत पोरं पलीकडच्या बोअरवर बाटल्या भरायला जायची. परवा महेबूब फाटकापाशी पोचला तोच शिवम डब्यासाठी धावत रस्त्याच्या कडेला आला, आणि चाकूरच्या बाजूनं पांढरी गाडी सुसाट आली. घरचीच गाडी. आत अमरेश, शिवमचा धाकटा काका, एका हातानं फोन कानाला लावलेला. महेबूबनं शिवमची कॉलर धरून त्याला मागं खेचलं. पलीकडून येणाऱ्या आरतीला खेचायला कुणी नव्हतं.

आरती चौथीतली. बाप ऊसतोडीला गेलेला, आई शेतावर. गाडी पुढं जाऊन थांबली. लाल दिवे लागले. अमरेशनं खिडकीतून मान काढून मागं पाहिलं, आणि दिवे विझले. गाडी गेली. पोरीला उचलून ऑटोत घातलं ते महेबूबनंच. तिच्या उजव्या पायाकडं बघायची हिंमत ऑटोवाल्यालाही झाली नाही. आता ती लातूरच्या दवाखान्यात होती. पायात सळ्या घातल्या होत्या, आणि डॉक्टर पुढचं काही नीट सांगत नव्हते.

रात्री किशनरावांनी त्याला बोलावलं होतं.

"मास्तर लोक बाहेर आले तवा तुझ्याच हातात पोरगी होती ना?"

"हाव."

"मग झालं तर! गाडी तू चालवत हुतास. धडक बसली, थांबलास, उचललंस. माणुसकी दाखवलीस. कायदाबी अशा माणसाला सांभाळून घेतो."

पोरीला उचललं, तोच आता महेबूबच्या गुन्ह्याचा पुरावा झाला होता. आणि गाडी कुठं गेली मग? तर म्हणे, घाबरून अमरेशनं नंतर घरी नेली. सगळं जुळवलेलं.

"मालक, मी तर डबा घेऊन..."

"डब्याचं कोण विचारतंय तुला? अमरेशचं पोलिसात सिलेक्शन झालंय. महिनाभरात चौकशीला येतील. आत्ता नावावर केस लागली की पोरगं मेलं म्हणून समज. तुझं काय जातंय? चार महिने लायसन जाईल. जामीन मी देतो, पगार चालू. माझ्या गाडीवर वीस वर्षं खाल्लंस की न्हाई?"

खाल्लं होतं. राहत होता ती खोलीही त्यांचीच होती. महेबूब मान खाली घालून घरी आला. बायकोनं, वहिदानं, सगळं ऐकलं, पुढ्यातलं ताट सरकवलं आणि एवढंच विचारलं, "तुम चलाये थे क्या गाडी?"

"नई."

"फिर?"

महेबूब हात धुवायला उठला. "अठ्ठाईस साल में एक मुर्गी नई मरी तुम्हारे हात से," ती म्हणाली. "अब बच्ची का पाँव तोडे, बोल के लिखवाते? थू!" आणि ती भिंतीकडं तोंड करून निजली.

"ठाण्यापातूर गाडी तूच चालव," आता गाडीत शेजारी बसत किशनराव म्हणाले. "लोकांनी बघू दे."

लोकांनी बघितलं. चहाच्या टपरीवरची तोंडं वळली आणि लगेच फिरली. सगळ्या गावाला ठाऊक होतं आणि सगळं गाव गप्प होतं. शाळा जवळ आली तसा महेबूबचा पाय आपोआप ब्रेकवर गेला.

"चाल की. बैलगाडी हाकायलास का?"

"शाळा हाय मालक."

शाळा आहे हे सांगणारा फलक रस्त्याच्या कडेला उभा होता. 'शाळा पुढे आहे, वेगमर्यादा २५.' पण तो कुणाला दिसेल तेव्हा ना! त्याच्यावर अमरेशचा फ्लेक्स: गॉगल, हात जोडलेले, 'पोलीस दलात निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन', खाली गावातल्या रिकामटेकड्यांच्या पासपोर्टएवढ्या मुंड्या. पंधरा दिवसांपूर्वी तो फ्लेक्स बांधला होता महेबूबनंच. "रस्त्यावरनं दिसंल असा बांध," मालक म्हणाले होते, आणि त्यानं शिडी लावून चारी कोपऱ्यांना तारेचे पीळ घातले होते, चांगले घट्ट. तेव्हा खालचा पंचवीसचा आकडा झाकताना त्याला काही वाटलं नव्हतं. आता त्या जोडलेल्या हातांपाशी येताच त्यानं गाडी आणखी हळू केली.

ठाण्यात सिद्रामप्पा जमादार लिहायला बसले होते. पोट सुटलेला, निवृत्तीला आलेला माणूस. किशनरावांना त्यांनी खुर्ची दिली आणि चहा सांगितला. महेबूबला कुणी बस म्हणालं नाही.

"लायसन?"

महेबूबनं ते टेबलावर ठेवलं. कडा झिजलेल्या, फोटोत दाढी काळी.

"अठ्ठावीस वर्षं," जमादार ते उलटंपालटं करत म्हणाले. "एकबी केस न्हाई वाटतं?"

"न्हाई साहेब."

"हं." त्यांनी किशनरावांकडं पाहिलं. "पाटील, तुमच्या गाडीवर परवाचंच एक चलान पडलंय. बघितलं का?"

"असले मेसेज महिन्याला दोन येतात," किशनराव हसले. "कोण उघडून बघतंय? लोकअदालतीला निम्म्यात मिटवतो सगळे एकदम."

"शाळेच्या पुढं, बाभळीपाशी आमचा वेग मोजायचा कॅमेरा हाय." जमादारांनी ड्रॉवरमधून एक छापील कागद काढला. "चौऱ्याहत्तरचा वेग. फोटो आलाय. वेळ एक वाजून सात मिनिटं. नंबर जुळवून घेतो फक्त."

जुळवायचा होता नंबर, पण कागद त्यांनी ठेवला तो महेबूबच्या समोर, सरळ करून. चष्मा पुसायला घेतला आणि बराच वेळ पुसत बसले.

महेबूबनं वाकून पाहिलं. मधोमध पांढरी गाडी. काच उन्हानं चमकलेली, आतला माणूस दिसत नव्हता. डाव्या कडेला एक बुटका माणूस पाठमोरा; डोक्यावर जाळीची टोपी, एका हातात स्टीलचा डबा, दुसऱ्या हातात पोराची कॉलर. पोराचा एक पाय डांबरावर. चाक आणि तो पाय यांच्यात वीतभर जागा. आणि पलीकडं, जरा पुढं, रस्त्यात, निळी बाटली घेतलेली आरती. दोन्ही पायांवर उभी.

पोरगी पुढं पाऊल टाकणार होती, आणि कागदावर ती तशीच नीट उभी होती.

"मालक," तो म्हणाला, "जरा बघा."

किशनरावांनी चष्मा लावला. आधी गाडी पाहिली, मग नजर कडेला आली. बोट कागदावर थांबलं. "शिवम?" त्यांच्या तोंडून निघालं, आणि चेहऱ्यावरचा रंग उतरला. महेबूबला वाटलं, आता. आता हा माणूस उठेल, घरी जाईल, त्या टोणग्याच्या कानाखाली जाळ काढेल. सख्खा नातू आहे, अरे, वीतभर!

किशनरावांनी चष्मा सारखा केला. कागद डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, पुन्हा जवळ नेला.

"ह्यात तुझं तोंड कुठं दिसतंय?" ते हळूच म्हणाले. "पाठमोरा हाय. कुणीबी असंल. टोप्या काय सगळेच घालतात तुमचे."

"आन् शिवम?"

"लेकरू हाय त्ये. त्याला समजावता येतंय."

बाहेर चहाच्या पेल्यांचा आवाज झाला. महेबूबनं कागद पुन्हा आपल्याकडं ओढला. वीस वर्षं ह्या माणसाच्या पुढं मान वर केली नव्हती. त्या वीस वर्षांचीच त्याला शिसारी आली.

"काय मग, महेबूबमिया?" जमादारांनी चष्मा चढवला, पेन उघडलं. "नाव लिहू ना?"

"लिवा की," महेबूब म्हणाला. "नाव माझंच लिवा. पर गाडी चालवणाऱ्याच्या जागी नगं. बघणाऱ्याच्या जागी लिवा."

"महेबूब!" किशनराव खुर्चीतून अर्धे उठले. "खोली कुणाची हाय, विसरलास?"

"न्हाई मालक. सांजच्याला रिकामी करतो." त्यानं खिशातून गाडीची चावी काढली आणि कागदाशेजारी ठेवली. मग जमादारांकडं वळला. "एक वाजता मी शिवमचा डबा घेऊन चालत जातो साहेब. पुनमताईंनाबी विचारा, रोज त्याच देतात. कोण चालवत हुतं त्ये मी सांगतो."

सिद्रामप्पांनी मान खाली घातली आणि लिहू लागले. किशनराव फोन काढून बाहेर गेले. जमादारांनी कागद फिरवला, सहीची जागा दाखवली.

महेबूबनं पेन घेतलं. टेकवलं, आणि उचललं.

"अजून ऱ्हायलंय साहेब."

"काय?"

"आज सकाळी गाडीची सीट मी पुढं ओढली. आरसाबी मीच फिरवला. त्ये लिवा." त्यानं पेन जमादारांकडं सरकवलं. "आन् शाळंच्या बोर्डावर फ्लेक्स हाय ना, पंचवीसच्या आकड्यावर? त्योबी मीच बांधलाय. त्येबी लिवा."